स्तोत्रांच्या शब्दांत प्रार्थना: वाचनापासून वागण्यापर्यंत

प्रार्थनेला बसलं की पहिली दोन-तीन मिनिटं बरी जातात. घरच्यांची नावं घेऊन होतात, आजाऱ्यांची आठवण होते, आभार मानून होतात, आणि मग मन भलतीकडेच धावू लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नावं, त्याच मागण्या, त्याच क्रमाने. बायबल वाचन वेगळं चाललेलं असतं: ठरलेला अध्याय वाचला, खूण पुढे सरकवली, पुस्तक मिटलं. विश्वास कमी पडतो म्हणून असं होतं असं मला वाटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत वाचन आणि प्रार्थना यांची ताटातूट झालेली असते, एवढंच.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देव आधी बोलतो आणि माणूस त्याला उत्तर देतो. म्हणून प्रार्थनेचा पहिला शब्द समोरच्या पानावरून उचलावा. ही काही आजची युक्ती नाही. माशाच्या पोटातून योना संदेष्ट्याने केलेली प्रार्थना स्तोत्रांतल्या, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकातल्या, ओळींनी भरलेली आहे. तुझ्या लाटा माझ्यावरून गेल्या, हे त्याचं वाक्य ४२ व्या स्तोत्रात जवळजवळ तसंच सापडतं. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडून दिल्यावर यरुशलेमेतले विश्वासणारे एकत्र जमले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या स्तोत्रातली वचनं घेतली आणि ती आपल्यावर आलेल्या प्रसंगाला लावून प्रार्थना केली (प्रेषितांची कृत्ये ४:२४-३०). वधस्तंभावर येशूने उच्चारलेल्या वाक्यांपैकी दोन स्तोत्रांतली आहेत, एक २२:१ मधलं आणि दुसरं ३१:५ मधलं. मरणाच्या वेदनेत त्यानेही लहानपणापासून पाठ असलेले शब्द वापरले. मग आपणच रोज नवीन शब्द जुळवण्याचा हट्ट का धरावा?

हा लेख स्तोत्रसंहितेपुरता ठेवला आहे. शास्त्रातली बहुतेक पुस्तकं आपल्याशी बोलतात, स्तोत्रं मात्र आपल्या तोंडून देवाशी बोलतात. ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की शुभवर्तमानं आणि पत्रंही अशीच वाचता येतात.

वेळ, जागा आणि पुस्तक

वेळ ठरवताना स्वतःशी प्रामाणिक राहा. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला (मार्क १:३५), म्हणून पहाटच पवित्र असं नाही. ५५ व्या स्तोत्राचा कर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा सांगतो. दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. रात्रपाळी करणाऱ्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने पहाटेचा नेम धरला तर आठवड्याभरात तो मोडतो आणि वर अपराधीपणा तेवढा उरतो. रोज सहज जमेल अशी पंधरा मिनिटं शोधा. सुरुवातीला तासभर बसायचं ठरवू नका, उत्साह ओसरला की तो तास डोंगराएवढा वाटतो.

छापील प्रत घ्या. मोबाइलवर वाचता येतं, पण वाचता वाचता वर एखादा संदेश झळकतो आणि तिथेच सगळं संपतं. मोबाइलच वापरायचा असेल तर इंटरनेट बंद करून वापरा. निदान वर्षभर एकच भाषांतर ठेवा, म्हणजे तेच शब्द हळूहळू पाठ होत जातात. वचन समजत नसेल तेव्हा दुसरं भाषांतर उघडून पाहायला हरकत नाही.

क्रमांकांबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९ आणि १० ही स्तोत्रं एकच धरली जातात, त्यामुळे काही जुन्या कॅथलिक आवृत्त्यांमध्ये पुढचे बरेचसे क्रमांक एकाने कमी दिसतात. आपल्या ओळखीचं २३ वं स्तोत्र तिथे २२ वं असतं. या लेखातले क्रमांक हिब्रू मोजणीप्रमाणे आहेत आणि प्रोटेस्टंट आवृत्त्यांत तेच असतात.

कोणतं स्तोत्र घ्यायचं

स्तोत्रं १५०. रोज शोधत बसलं तर आवडती आठ-दहाच पुन्हा पुन्हा वाचली जातात आणि बाकीची तशीच राहतात. त्यावर सोपा उपाय आहे. आजची तारीख घ्या आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जा. तेरा तारीख असेल तर १३, ४३, ७३, १०३ आणि १३३. ही पाच स्तोत्रं भरभर डोळ्यांखालून घाला आणि ज्यापाशी मन अडकेल ते एकच प्रार्थनेसाठी निवडा. एकतीस तारखेला ११९ वं घ्या. त्यात १७६ वचनं आहेत, पण ती हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांच्या कडव्यांत विभागलेली आहेत. एका बैठकीला एक कडवं पुरे.

पाचांतून निवडण्यात वेळ जातो असं वाटलं तर पहिल्यापासून ओळीने रोज एक घ्या. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना सगळी १५० स्तोत्रं आठवड्याभरात म्हणायला सांगितली होती. संसारी माणसाने तो वेग धरू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला बहुतेक जण २३ वं स्तोत्र सुचवतात. माझं मत वेगळं आहे. ते इतकं परिचयाचं आहे की ओठ म्हणत राहतात आणि मन गैरहजर असतं. सुरुवात १३ व्याने करावी. सहाच वचनं आहेत आणि त्यात तक्रार, मागणी आणि भरवसा तिन्ही येतात. पुढे तेच उदाहरण म्हणून घेतलं आहे.

वाचन: दोनदा, आणि तोंडाने

पहिल्यांदा सलग वाचा. वर छापलेला मथळाही वाचा: स्तोत्र कोणाचं, कुठल्या प्रसंगाचं, हे कधी कधी तिथे सांगितलेलं असतं. ५१ व्याच्या मथळ्यात बथशेबाच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दाविदाकडे आल्याचा उल्लेख आहे. तो न वाचता पुढे गेलं तर अर्धं स्तोत्र हातातून निसटतं. ९० वं मोशेच्या नावावर आहे, ७३ ते ८३ दाविदाच्या काळातल्या आसाफ या गायकाच्या नावावर. म्हणजे सगळीच दाविदाची नाहीत.

दुसऱ्यांदा ऐकू येईल असं वाचा. घरात माणसं असतील तर पुटपुटलं तरी चालतं. मंदिरात हन्ना प्रार्थना करत होती तेव्हा तिचे फक्त ओठ हलत होते; एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे, पण देवाने ऐकलं. तोंडाने वाचलं की वेग आपोआप कमी होतो. हिब्रू कवितेत एका ओळीत म्हटलेलं पुढच्या ओळीत थोड्या वेगळ्या अंगाने पुन्हा येतं. घाईत असलेल्या वाचकाला ती पुनरुक्ती वाटते. खरं तर ती थांबायची जागा असते.

या वाचनात दोन गोष्टी शोधा. पहिली, बोलणारा कोणाशी बोलतो आहे? काही वचनं थेट देवाला उद्देशून असतात, काही देवाविषयी इतरांना सांगणारी, तर ४२ आणि १०३ मध्ये तो स्वतःच्याच जिवाला समजावतो. दुसरी, स्तोत्र वळतं कुठे? ७३ व्यात आसाफ दुर्जनांचं सुख पाहून जळत असतो. १७ व्या वचनात तो पवित्रस्थानात जातो आणि तिथून त्याचं बोलणं बदलतं. तेराव्यात वळण पाचव्या वचनात आहे. ते वळण पेन्सिलने खुणून ठेवा.

वचनागणिक प्रार्थना

आता पहिल्या वचनाकडे परत या. वचन वाचा, थांबा, आणि त्याच अर्थाचं आपलं वाक्य देवाला सांगा. मग दुसरं वचन. एखाद्या वचनावर काहीच सुचलं नाही तर पुढे चला. एखाद्यावर दहा मिनिटं गेली आणि वेळ संपली, तरी बाकीचं स्तोत्र राहिलं म्हणून हळहळू नका.

समजा, घरात आईचं दुखणं लांबलं आहे. तेराव्या स्तोत्राची पहिली दोन वचनं ‘कोठवर’ असं चार वेळा विचारतात: देव कोठवर विसरणार, कोठवर मुख लपवणार, जिवाला कोठवर घोर लावून घ्यायचा, वैऱ्याने कोठवर वर डोकं काढायचं. त्यावरून प्रार्थना अशी होऊ शकते:

‘प्रभू, हे कोठवर चालणार? तीच औषधं, त्याच तपासण्या, आणि दर खेपेला डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस पाहू. तू आम्हाला विसरलास असं मी चारचौघांत बोलत नाही, पण रात्री तेच मनात येतं. तुझं मुख दिसत नाही. पैशाचं काय, रजेचं काय, भावाला कसं सांगायचं, हा हिशेब डोक्यात अखंड चालू असतो.’

तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश घाल, नाहीतर मी मरणाच्या झोपेत जाईन.

‘आमच्याकडे पाहा. आईला बरं कर, हे मी सरळ मागतो. आणि माझ्याही डोळ्यांत उजेड येऊ दे. थकून मी तिच्यावर खेकसायला लागलो आहे. ही कटुता माझ्यावर जिंकली असं होऊ देऊ नकोस.’

पाचवं-सहावं वचन भरवशाचं आहे. लक्षात घ्या, परिस्थिती बदलल्याचं स्तोत्रात कुठेच सांगितलेलं नाही. वैरी तिथेच आहे, बदललं आहे ते बोलणाऱ्याचं तोंड कुठे वळलं ते. इथे उसना आनंद आणू नका. मनात असेल तेवढंच म्हणा: ‘मी तुझ्या दयेवर भिस्त ठेवली आहे. गाणं अजून सुचत नाही. पण मागच्या संकटात तू सांभाळलंस हे मला आठवतं, आणि ते मी आज म्हणून ठेवतो.’

मत्तय ६:७ मध्ये येशू निरर्थक बडबडीविरुद्ध सावध करतो. ती ताकीद इथे आड येत नाही. तोच अध्याय पुढे प्रभूची प्रार्थना शिकवतो, म्हणजे दुसऱ्याने दिलेले शब्द म्हणण्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते शब्दांच्या संख्येवर देवाला वळवू पाहण्यात.

जी स्तोत्रं घशाखाली उतरत नाहीत

या वाटेवर महिन्याभरात दोन अडचणी हमखास येतात.

पहिली: आपण आनंदात असताना रडणारं स्तोत्र येतं, किंवा उलट. अशा वेळी ते दुसऱ्याच्या वतीने म्हणा. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं पौल रोमकरांना लिहितो (१२:१५). ८८ वं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, त्यात वळण नाहीच. तुमचा दिवस चांगला चालला असेल तर ज्याचं जग नुकतंच कोसळलं आहे अशा एका माणसाचं नाव घेऊन ते वाचा. त्या माणसाला आज कदाचित तोंड उघडायचंही बळ नसेल.

दुसरी अडचण जास्त कठीण आहे: शत्रूंना शाप देणारी स्तोत्रं. १०९ वं वाचताना अंगावर काटा येतो, आणि १३७ व्याचं शेवटचं वचन तर उपासनेत सहसा कोणी वाचतच नाही. ती वगळून पुढे जाणं सोपं आहे. मी मात्र ती वाचावीत असं म्हणेन, तीन अटींवर. एक, ही पिचलेल्या माणसांची किंकाळी आहे हे विसरू नये. १३७ वं बाबेलमध्ये बंदिवासात गेलेल्यांचं आहे, ज्यांचं शहर जाळलं गेलं होतं. दोन, सूड देवाच्या हवाली करायचा, आपल्या हाती घ्यायचा नाही, हे रोमकरांस १२:१९ मध्ये स्पष्ट आहे. आपला राग देवासमोर संपूर्ण ओतला तर तो बाहेर जाऊन कोणावर ओतायची गरज उरत नाही. तीन, त्या दिवशीची प्रार्थना मत्तय ५:४४ पाशी नेऊन थांबवायची: आपला छळ करणाऱ्यासाठी, त्याचं नाव घेऊन, एक चांगली गोष्ट मागायची. घसा अडखळेल. अडखळू द्या. आणि ज्याच्याशी साधा किरकोळ वाद आहे अशा सहकाऱ्यावर किंवा सासूवर १०९ वं स्तोत्र सोडू नये, हेही सांगून ठेवतो.

पापकबुली: नाव घेऊन

६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३ ही सात स्तोत्रं ख्रिस्ती परंपरेत पश्चात्तापाची मानली जातात. इ. स. ४३० मध्ये हिप्पो शहराला वेढा पडलेला असताना ऑगस्टिन मरणशय्येवर होता. दाविदाची काही पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेऊन त्याने भिंतीवर लावली होती आणि पडल्या पडल्या ती वाचून तो रडत असे, असं त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो. आयुष्यभर इतरांना शिकवलेल्या बिशपलाही शेवटी स्वतःसाठी हेच शब्द लागले.

आठवड्यातून एक दिवस यांपैकी एक घ्या. ‘माझी सर्व पापं क्षमा कर’ हे वाक्य इतकं ढोबळ आहे की त्यामागे काहीही लपवता येतं. काय बोललो, कोणाला बोललो, काय लपवलं, ते नेमकं म्हणा. ३२ व्यात दावीद म्हणतो की गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, कबूल केलं तेव्हा क्षमा मिळाली. ती मिळाली हे मान्य करून उठा. तेच पाप महिनाभर रोज उगाळत बसणं ही नम्रता नाही.

कबुलीनंतरचं काम देवासमोर संपत नाही. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर, असं येशू सांगतो. जक्कय या जकातदाराने तर फसवून घेतलेल्याच्या चौपट परत द्यायचं कबूल केलं. पैसे द्यायचे असतील तर तारीख ठरवा. माफी मागायची असेल तर त्याच दिवशी फोन करा, आणि माफी मागताना ‘पण तू सुद्धा’ हे शब्द गिळा.

एक वचन, एक काम

उठण्यापूर्वी त्या दिवसाचं एक वचन निवडा आणि वहीत लिहा. त्याखाली त्यातून निघणारं एकच काम लिहा, संध्याकाळपर्यंत होऊ शकेल असं. याकोब म्हणतो, वचन नुसतं ऐकणारा आरशात तोंड पाहून निघून जातो आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरतो. ‘अधिक प्रेमळ होणे’ हे काम नव्हे, संध्याकाळी ते झालं की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

सराव म्हणून १५ वं स्तोत्र घ्या. पाचच वचनं. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर त्यात दिलं आहे, आणि ते उत्तर सगळं रोजच्या व्यवहारातलं आहे. मनापासून सत्य बोलणारा: आज कोणाला मी ‘वाटेतच आहे’ असं घरी बसून सांगितलं? जिभेने चहाडी न करणारा: मंडळीतल्या (चर्चमधल्या) कोणाबद्दलची बातमी मी ‘प्रार्थनेसाठी सांगतो’ म्हणत पसरवली? हा शेवटचा प्रकार आपल्यात फार फोफावला आहे. शपथ वाहून तोट्यात गेला तरी न बदलणारा: दिलेला शब्द महाग पडतोय म्हणून मी तो मोडायच्या वाटा शोधतोय का? निर्दोष माणसाविरुद्ध लाच न घेणारा, गरजूला व्याजाने न पिळणारा: मी घेतलेल्या कामाचा, दिलेल्या उसन्या पैशांचा हिशेब स्वच्छ आहे का? एका दिवशी सगळं तपासू नका. एक ओळ घ्या आणि तिच्यावर आठवडा काढा.

कोरडे दिवस

काही दिवस एकही वचन बोलत नाही. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो, हे रोमकरांस ८:२६ मधलं वचन अशाच दिवसांसाठी आहे. त्या दिवशी येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची एका ओळीची प्रार्थना पुरे: हे देवा, मज पाप्यावर दया कर. एखादा दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. त्या दिवसाच्या तारखेपासून पुढे चला.

कोरडेपणा आणि आजार यांत मात्र फरक करा. झोप उडाली आहे, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नाही, मरणाचे विचार येताहेत, तर डॉक्टरांना भेटा आणि घरात किंवा मंडळीत विश्वासाच्या एका माणसाला सांगा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर (१ राजे १९).

इतरांबरोबर

प्रभूची प्रार्थना ‘आमच्या’ने सुरू होते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी हे स्तोत्रवाचन घरच्यांबरोबर किंवा दोघा-तिघा विश्वासणाऱ्यांबरोबर करा. मोठं विवेचन नको. एकाने वाचायचं, प्रत्येकाने एका वचनावर दोन वाक्यं प्रार्थना करायची, ज्याला बोलायचं नाही त्याने ‘आमेन’ म्हणायचं. मुलं असतील तर १३६ वं घ्या. त्याच्या सव्वीसही वचनांच्या अखेरीस देवाची दया सनातन असल्याचं तेच धृपद येतं. पहिला अर्धा भाग मोठ्यांनी म्हणायचा, धृपद मुलांनी. चौथ्या-पाचव्या वचनापर्यंत त्यांना ते पाठ होतं आणि मग ती पुस्तकाकडे बघतही नाहीत. सव्वीस वचनं झाल्यावर त्याच चालीवर आपल्या घरातल्या गोष्टी जोडा: आजी बरी झाली, परीक्षा पार पडली, भांडण मिटलं. प्रत्येकानंतर धृपद मुलांचं.

पहिला महिना झाला की वही एकदा चाळा. कोणत्या स्तोत्रांवर काहीच लिहिलेलं नाही ते पाहा आणि पुढच्या महिन्यात पाचांतून मुद्दाम तीच निवडा. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्यावर वेग कमी करून रोज एकच स्तोत्र घेतलं, तर सगळी संहिता पाच महिन्यांत होते.